पाटबंधारे काकांचं विरजण

सड्यावर, घाटमाथ्यावरच्या त्या कातळाच्या पठारावर, धुकं उतरलं त्याचा तो तिसरा दिवस होता. गाडीच्या टपावरच्या सौर पाट्या नुसत्या भिजत पडल्या होत्या. अण्णांनी उठल्याउठल्या भिंतीवरचा मीटर पाहिला आणि पूर्वी रेडिओवर धरणांचे पाणीसाठे सांगत त्या आवाजात जाहीर केलं, “बॅटरी एकतीस टक्के. टाकी तेहतीस.” मग कपाटाचं दार उघडून आतल्या बाजूला खडूने तेच लिहून ठेवलं.

“मला केस धुवायचेत,” मंजिरी पांघरुणातूनच म्हणाली.

“धू की. खाली उतरल्यावर.”

“तीन दिवस झाले, अण्णा.”

“दोन तांबे मिळतील. शांपू नाही. शांपूने माझी माणसं मरतात.”

अण्णांची माणसं म्हणजे टाकीतले जिवाणू. अंघोळीचं पाणी पुन्हा संडासात फिरवलेलं असायचं, त्यामुळे अंगाला काय लावायचं ते या माणसांना विचारून ठरत असे. अण्णांची मुलगी मंजिरी चाळीस वर्षांची होती, पुण्यात विश्वकोशाच्या कार्यालयात संपादक होती, तिच्या हाताखाली सहाजण काम करत. अण्णांच्या गाडीत तिला दोन तांबे पाणी मिळे.

गाडी म्हणजे शाळेची जुनी मिनीबस. निवृत्त झाल्यावर अण्णांनी, म्हणजे सदानंद फडतऱ्यांनी, ती स्वस्तात घेतली, बाकडी काढली, दोन झोपायच्या फळ्या, एक ओटा आणि एवढासा संडास बसवला. पुढे सड्यांवर कॅरव्हॅन न्यायला परवानगी मिळाली तेव्हा सरकारने एकच कडक अट घातली: वर थेंबही सांडायचा नाही. नाक्यावर टाकीला सील लागे. टाकी पंच्याण्णव टक्के भरली की तासाभरात चंबूगबाळं आवरून घाट उतरायचा आणि चाळीस किलोमीटरवरच्या केंद्रावर ती रिकामी करायची. फुलं फुललेली असोत, पाहुणे आलेले असोत, टाकी भरली की सहल संपली. बहुतेकांची दोन-तीन दिवसांत संपे. अण्णांची सात दिवस चाले, आणि सातव्या दिवशी परवाना संपला म्हणून ते कुरकुरत खाली उतरत.

यात जादू नव्हती. काही जिवाणू असे असतात की खाल्लेल्या अन्नातले इलेक्ट्रॉन त्यांना कुणालातरी देऊन टाकावे लागतात. आपण ते श्वासातल्या प्राणवायूला देतो. टाकीच्या तळाशी प्राणवायू नसतो. तिथे कार्बनच्या जाड, घोंगडीसारख्या कापडाचा पडदा सोडला तर हे जिवाणू त्यावर वस्ती करतात आणि इलेक्ट्रॉन त्याच्याच हवाली करतात. पडद्याला तार जोडली, तारेचं दुसरं टोक हवेकडे नेलं, की वाटेत वीज मिळते. टाकीतला मैला खाल्ला जातो, वास मरतो, उरतं ते गढूळसं पाणी, तेही गाळून परत वापरता येतं. एवढं आता शाळेच्या पुस्तकातही आलेलं होतं आणि कंपन्यांच्या तयार टाक्याही बाजारात आल्या होत्या. अडचण एकच होती. कंपन्यांचे जिवाणू प्रयोगशाळेत लाडात वाढलेले. थंडी, हिंदकळणं, एखाद दिवस उपास, साबणाचा फेस, यांतलं काहीही त्यांना सोसत नसे. अण्णांच्या जिवाणूंना सगळं सोसे.

“फ्रिज उन्हावर आणि दिवे माणसांवर,” हा गाडीचा नियम होता. एका माणसाच्या पोटातून, भाजीची देठं आणि भाताची पेज धरून, टाकीला सहा वॅट येत. दोघं असली की अकरा. तेवढ्यात दिवे लागत, छोटा पंखा फिरे, फोन भरत. दाराशेजारी अण्णांनी एक इवला हिरवा दिवा बसवला होता, तो फक्त टाकीवर चाले. तो जळत असला की आतलं सगळं आलबेल.

चहा गॅसवर ठेवला तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाहेर धुक्यात एक बाई उभ्या होत्या, साठीच्या, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ, पायात पुरुषी बूट.

“काका, मी शेजारच्या गाडीतली. निलोफर मुकादम, चिपळूणची. लाज सोडून आलेय हां. आमची टाकी ब्याण्णववर गेली.”

“कधी आलात?”

“परवा! माणसं दोन, त्यातले आमचे हे गुडघ्यामुळे उठतात कमी. मुलाने हौसेने कंपनीची टाकी बसवून दिली. म्हणाला, अम्मी, वीज पण येईल. वीज कसली, वास असा येतो की पाली घर सोडून गेल्या.”

अण्णा हसले. “निळं औषध टाकता का आत?”

“टाकते ना. दर दोन दिवसांनी. मी नर्स होते, स्वच्छतेत हयगय नाही.”

“मग कशी जगणार बिचारी? तुम्ही जेवायला बोलावता आणि पानात विष वाढता.”

अण्णांनी लोणच्याची रिकामी बरणी घेतली, संडासाच्या मागचा छोटा नळ उघडला आणि काळसर, दाट पाणी तिच्यात घेतलं. निलोफरबाईंनी नाकाला हात लावला नाही, हे मंजिरीने पाहिलं. तिचा स्वतःचा हात मात्र अर्ध्यावर गेला होता.

“हे विरजण,” अण्णा म्हणाले. “आज खाली जा, टाकी रिकामी करा, साध्या पाण्याने तीनदा धुवा. मग हे घाला. आठवडाभर भाताची पेज, थोडं ताक. फिनेल नाही, निळं औषध नाही. आणि इथून पुढे टाकी कधी पुरती रिकामी करायची नाही. दह्याचं भांडं खरवडून ठेवत नाही ना आपण? पाचवा हिस्सा ठेवायचाच.”

“आणि नाही लागलं तर?”

“घाई करायची नाही. आठ दिवसांनी मला फोन करा. नंबर घ्या.”

निलोफरबाईंनी नंबर घेतला, बरणीचं झाकण आवळलं आणि कौतुकाने विचारलं, “काका, तुम्ही कुठल्या खात्यात होता हो? एवढं कुठे शिकलात?”

अण्णांनी तोंड उघडायच्या आत मंजिरी म्हणाली, “पाटबंधारे खात्यात.”

अण्णा बरणीचा काठ फडक्याने पुसत होते. त्यांचा हात क्षणभरच थांबला. “हं,” ते म्हणाले. “पाण्याचंच काम.”

दुपारी धुकं अर्धा तास उठलं. जांभळ्या फुलांनी भरलेला सडा कडेपर्यंत दिसला आणि पुन्हा झाकला गेला. दोघांनी पिठलंभात खाल्ला. “पुढच्या वेळी चार दिवस जास्त काढून ये,” अण्णा म्हणाले. मंजिरी म्हणाली, “बघते.” यापलीकडे त्या दिवसात लक्षात ठेवण्यासारखं काही घडलं नाही, आणि म्हणूनच पुढे तिला त्यातलं सगळं लक्षात राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती दोघं सांगलीला घरी पोचली. त्याच्या पुढच्या सकाळी गाडी धुवायला निघालेले अण्णा पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. एकाची बांधून झाली होती.

*

तेराव्यानंतर घर धुऊन काढलं गेलं. ते काम कुसुमआत्याचं. अण्णांची ही थोरली बहीण सत्त्याहत्तर वर्षांची होती, कंबरेत वाकलेली, पण फरशी पुसायला दुसऱ्या कुणाला देत नसे. भावासाठी तिला जे काही करता येत होतं ते ती फडक्याने करत होती. घर झालं, ओसरी झाली, आणि दुपारी ती बादली घेऊन गाडीत शिरली.

मंजिरी चारच्या सुमाराला गाडीकडे गेली तेव्हा आतून फिनेलचा भपका आला. दाराशेजारचा हिरवा दिवा विझलेला होता.

“आत्या, संडासात काय ओतलंस?”

“बाटली ओतली अख्खी. आणि वरून अर्धी.” आत्या पदराने घाम पुसत होती. “सुतक फिटलं ना गं. घर केलं, मग गाडी काय म्हणून सोडायची? माझा भाऊ राहायचा तिच्यात.”

“अगं, त्याच्यात अण्णांचं...” मंजिरी थांबली. अण्णांचं काय, ते तिला म्हणता येईना.

“काय होतं त्यात? घाणच की. बत्तीस वर्षं घाणीत गेली त्याची. शेवटाला तरी स्वच्छ असावं म्हटलं.” आणि आत्या बादलीवर हात टेकून रडायला लागली. तेरा दिवसांत ती पहिल्यांदाच रडत होती. मंजिरीने तिला पायरीवर बसवलं, पाणी दिलं, “बरं केलंस आत्या,” असं म्हणाली.

रागवायला तिला जागाच नव्हती. ‘घाणच की’ हे आत्या एकदाच म्हणाली, मंजिरी स्वतः ते आयुष्यभर मानत आली होती.

संध्याकाळपर्यंत तिने टाकी साध्या पाण्याने धुतली. पेज घातली, ताक घातलं. दुसऱ्या दिवशी टाकीच्या विजेचा मीटर शून्यावर, तिसऱ्या दिवशीही शून्यावर. ती मेली होती, अण्णांची माणसं. आणि दुसरी आणायची कुठून? अण्णांनी ती जिथून आणली होती, ते नगरपालिकेचं मैलापाणी शुद्धीकरण केंद्र दोन वर्षांपूर्वी पाडून तिथे नवं, बंद यंत्राचं केंद्र उभं राहिलं होतं. जुन्या केंद्राच्या चौथ्या टाकीच्या कोपऱ्यात एक चिवट जात आहे, ती पुरातून वाचते, केमिकलमधून वाचते, हे अण्णांना बत्तीस वर्षांच्या रोजच्या बघण्यातून कळलं होतं. तिथे ते ऑपरेटर होते. निवृत्तीच्या दिवशी इतर लोक शाल-नारळ घेऊन घरी जातात. अण्णा जेवणाच्या डब्यात गाळ घेऊन आले होते. मंजिरी त्या दिवशी घरी होती. तो डबा पुन्हा घरात वापरायचा नाही, एवढंच तिने बजावलं होतं.

चौथ्या दिवशी तिने गाडी विकायची म्हणून कपाट रिकामं करायला घेतलं आणि दाराच्या आतली खडूची अक्षरं पहिल्यांदा नीट वाचली. टाकी, बॅटरी, धुकं, ऊन. मध्येच कुठेकुठे: ‘एकटा. ६ वॅट.’ ‘एकटा. ६.’ ‘मंजू आली. ११.’ ‘मंजू आली. ११॥. पुरणपोळ्या.’ मग पुन्हा बऱ्याच ओळी ‘एकटा’. तिने मोजलं नाही. ती दार धरून उभी राहिली.

आठवीत असताना ती कंपासपेटी घरी विसरली होती आणि त्या दिवशी भूमितीचा पेपर होता. अण्णा कामावरून तसेच शाळेत आले, खाकी शर्ट, गुडघ्यापर्यंत गमबूट. वर्गाच्या दारात उभे राहिले. पहिल्या बाकावरच्या मुलींनी नाकाला रुमाल लावले. “कोण गं ते?” शेजारणीने विचारलं, आणि मंजिरी म्हणाली, “आमच्या अण्णांच्या ऑफिसातला माणूस.” फार हळू बोलली नव्हती. अण्णांनी कंपासपेटी बाईंच्या हातात दिली आणि गेले. त्यानंतर काही द्यायचं असलं तर ते फाटकावरच्या रखवालदाराकडे ठेवून जात. पाटबंधारे खातं तिने कॉलेजात शोधून काढलं. तिच्या लग्नातही तेच सांगितलं गेलं, आणि अण्णांनी सगळ्यांसमोर मान डोलावली. पुढे कोशासाठी सांडपाण्याच्या शुद्धीकरणावरची नोंद तिनेच लिहिली, अठरा संदर्भग्रंथ चाळून. घरात एक माणूस बसला होता, त्याला एक प्रश्न विचारला नाही.

अण्णांचा फोन ते गेल्यापासून बंद पडून होता. तिने तो चार्जिंगला लावला. दोन निरोप होते.

“काका, निलोफर बोलतेय. आठ दिवस झाले, दिवा काही लागला नाही. काय करू?”

मग दोन दिवसांनंतरचा: “काका, तुम्ही फोन उचलत नाही. हे म्हणतात, सांडून टाक, गाडीत बसवत नाही. सांडू का?”

मंजिरीने फोन लावला. चार रिंग वाजेपर्यंत तिने एका हाताने कपाटाचं दार धरून ठेवलं होतं.

“काका! कुठे होता इतके दिवस?”

“मी मंजिरी. त्यांची मुलगी. तुम्ही... ते सांडलंत का?”

“कसलं सांडतेय! काका म्हणाले होते ना, घाई करायची नाही. यांना सांगितलं, तुम्हीच उतरा गाडीतून. अकराव्या दिवशी लागलं बघा! कुठेत काका? द्या त्यांना फोन, आधी शिव्या घालते.”

मंजिरीने सांगितलं. मग निलोफरबाई अगदी वेगळ्या, हलक्या आवाजात म्हणाल्या, “महिनाअखेरीला आम्ही सड्यावर आहोत. तू ये. गाडी घेऊन ये.”

*

गाडी चालवायला तिला अण्णांनीच शिकवली होती, तरी घाटात ती पहिल्यांदा एकटी होती. नाक्यावरच्या बाईने टाकीला सील लावताना आत डोकावून पाहिलं. “काका झोपलेत का?”

“नाहीत आता,” मंजिरी म्हणाली. त्या बाईने सील लावलं, आणि पावती देताना परवान्याचे पैसे न मोजताच गल्ल्यात टाकले.

धुकं केव्हाच सरलं होतं. फुलं वाळून सडा तांबूस झाला होता, आणि ऊन असं की दहा वाजताच बॅटरी शंभर टक्के भरली. त्या विजेचा काही उपयोग नव्हता. ती फ्रिज थंड करू शकत होती, टाकीतलं काही खाऊ शकत नव्हती. मेलेली टाकी म्हणजे नुसता डबा. मंजिरी एकटी होती, तांब्यातांब्याने पाणी वापरत होती, तरी दुसऱ्या सकाळी मीटर टाकी एकोणतीस टक्के भरलेली दाखवत होता आणि दार उघडलं की वास येत होता. अण्णांबरोबरच्या सगळ्या सहलींत असा वास आल्याचं तिला एकदाही आठवेना. आणि त्या सगळ्या सहलींत नाकाकडे जाणारा आपला हात तिला आठवला.

मुकादमांची गाडी दुपारी आली. निलोफरबाई उतरल्या आणि काही न बोलता त्यांनी तिला जवळ घेतलं. मागून त्यांचे यजमान काठी टेकत उतरले आणि म्हणाले, “तुमच्या वडिलांमुळे बायको मला गाडीतून उतरवणार होती. पण माणूस बरोबर होता.”

“बघ हे,” निलोफरबाई म्हणाल्या. त्यांच्या दारात हिरवा दिवा लावलेला होता, अण्णांसारखाच. “यांनी बसवला. दहा वॅट! आणि आमचं एकट्याचं नाही. त्या डोंबिवलीच्या देशपांड्यांना दिलं, गुहागरच्या दोन पोरांना दिलं, पलीकडे ती मोठी निळी गाडी आहे ना, ते सातजण आहेत, त्यांची टाकी एका दिवसात बोंबलायची. आता पाच दिवस राहतात. सगळ्यांना एकच सांगते, पाचवा हिस्सा ठेवायचाच.” त्या आत गेल्या आणि बरणी घेऊन आल्या. तीच लोणच्याची बरणी होती. “हे तुझं. पाचवा हिस्सा ठेवून बाकी सगळं तुझं.”

बरणीवर पांढरी चिकटपट्टी लावली होती आणि नर्सच्या सुवाच्य अक्षरात, औषधाच्या बाटलीवर लिहितात तसं, लिहिलं होतं: पाटबंधारे काका.

“सगळे आता असंच म्हणतात,” निलोफरबाई म्हणाल्या. “पाटबंधारे काकांचं विरजण. नाव राहिलं बघ माणसाचं.”

मंजिरीने बरणी घेतली. काचेतून ती कोमट लागत होती. ती चिकटपट्टीवरून अंगठा फिरवत राहिली, आणि निलोफरबाईंना वाटलं की तिला भरून आलंय.

तिने घाट उतरून केंद्रावर टाकी रिकामी केली, तीनदा धुतली, परत वर येऊन बरणी ओतली, वर पेज घातली. कोपर बुडेपर्यंत हात घालून पडदा सरळ केला. मग तिने पाच दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी मीटरचा काटा थरथरल्यासारखा वाटला, तो वाऱ्याचा भास ठरला. आमच्यासारखं निळं औषध तुमच्या टाकीत मुरलेलं नाही, विरजण लवकर लागेल, असं मुकादमकाका रोज काठी टेकत येऊन सांगत. सहाव्या दिवशी ती सकाळी चहा ठेवत असताना दाराशेजारी काहीतरी हिरवं दिसलं. तिने आधी गॅस बंद केला, मग वळून नीट पाहिलं. दिवा जळत होता, अगदी मंद, काजव्याएवढा. तिने कपाट उघडलं, खडू घेतला आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं: ‘मंजू. एकटी. २ वॅट.’

बातमी सड्यावर लगेच पसरली. नऊ वाजेपर्यंत दाराबाहेर सात-आठजण जमले, कुणी वाडग्यातून शिरा आणला होता, कुणी दिव्याचा फोटो काढत होतं. निळ्या गाडीतून आदल्या दिवशी पाहुणी म्हणून आलेली एक कॉलेजातली मुलगीही होती. ओट्यावर रिकामी बरणी उपडी ठेवली होती. मुलीने ती उचलून वास घेतला, चटकन ओढणी नाकाला लावली आणि चिकटपट्टीवरचं वाचलं.

“पाटबंधारे काका? कोण हो हे?”

“अगं, हिचे वडील,” निलोफरबाई सांगू लागल्या. “मोठा माणूस. पाटबंधारे खात्यात होते, पाण्याचं सगळं...”

“नाही,” मंजिरी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. तिने मुलीच्या हातातून बरणी घेतली आणि तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज बराच मोठा निघाला.

“पाटबंधारे खात्यात नव्हते ते. ते मी सांगायचे लोकांना. ते मैलापाण्याच्या केंद्रात ऑपरेटर होते, बत्तीस वर्षं. हे विरजण तिथलं आहे, चौथ्या टाकीच्या कोपऱ्यातलं, ते स्वतः डब्यातून घेऊन आले होते. मला त्यांची लाज वाटायची आणि त्यांना ते माहीत होतं. सदानंद फडतरे. माझे वडील.”